दोन्ही गुडघे एकदम बदलल्यावर घरी

ऑक्टोबर २००० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला. उजव्याची पाळी आली जून २००१ मध्ये. दोन्ही वेळा शस्त्रक्रिया केली ती न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. दोन शस्त्रक्रियांमध्ये आठ महिने गेले, म्हणजे देशाच्या पंतप्रधानांनाही एका वेळी एकाच ताज्या जखमेशी झगडायचे होते.

आज नवी मुंबईत वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघरच्या रुग्णालयांत दोन्ही गुडघे एकाच बैठकीत बदलून घेणारे पुष्कळ भेटतात. भूल एकदा, रुग्णालयातला मुक्काम एकदा, मुलाची रजाही एकदाच. हृदय, फुप्फुसे आणि साखर ताब्यात असेल तर सर्जनही त्याला तयार होतात. निर्णय चुकीचा नाही. अडचण घरी आल्यावर कळते. आपल्याकडे मिळणारे बहुतेक सल्ले एका गुडघ्याचे असतात. चांगल्या पायावर भार द्या, चांगला पाय आधी टाका, चांगल्या पायावर जोर देऊन उठा. इथे चांगला पायच नाही. त्याचे काम पहिले काही आठवडे तुमच्या हातांनी करायचे आणि हातांना आधार घराने द्यायचा. म्हणून तयारीची सुरुवात व्यायामापासून न करता घरापासून करावी, आणि तीही रुग्णालयात भरती होण्याआधी.

टेप घेऊन घर मोजा

सर्वात आधी न्हाणीघर आणि संडासाचे दार मोजा. मोठ्या माणसाचा वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो आणि सिडकोच्या जुन्या घरांतली ही दारे अनेकदा जेमतेम तेवढीच असतात. वॉकर आत जात नाही हे रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. दार अरुंद असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवा. संकोच वाटतो हे खरे, पण रात्री पडण्याचा धोका त्याहून मोठा आहे. दार पुरेसे असेल तर कमोडवर बैठक उंच करणारा चार इंची रेझर बसवा आणि दोन्ही बाजूंना हात टेकता येतील अशी सोय करा. एका बाजूचा दांडा पुरत नाही. भारतीय पद्धतीचा संडास हा विषयच संपला असे समजा. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर रंगीत चिकटपट्टी लावा, आत रबरी चटई अंथरा. पाटावर बसून अंघोळ बंद. पायांना रबर असलेली अंघोळीची खुर्ची घ्या, पण टाके निघेपर्यंत किंवा सर्जन परवानगी देईपर्यंत अंग पुसण्यावरच भागवा.

मग खुर्ची. ज्याच्या दोन्ही गुडघ्यांना टाके आहेत त्याला खोल, मऊ सोफ्यातून उठता येत नाही. बैठक अठरा ते वीस इंच उंच हवी, उंच माणसाला थोडी जास्त, आणि दोन्ही हात भक्कम हवेत. घरोघरी असते ती प्लास्टिकची खुर्ची हलकी असल्याने हातांवर जोर दिला की मागे सरकते, ती नको. जेवणाच्या टेबलाची जड लाकडी हाताची खुर्ची, वर एक घट्ट उशी, हे उत्तम. उठताना आधी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे या, दोन्ही तळहात खुर्चीच्या हातांवर टेका आणि हातांनी अंग वर उचला. वॉकर धरून स्वतःला ओढू नका, तो कलंडतो. उभे राहिल्यावरच हात वॉकरवर न्यायचे. पलंगाचीही हीच गोष्ट. दिवाण बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे घालून वीस-बावीस इंचांवर आणा, ठोकळे हलत नाहीत ना हे दोनदा तपासा.

पायपोस, सतरंज्या, चार्जरच्या वायरी उचला. हवाई चप्पल नको, मागे पट्टा असलेली सपाट सँडल घ्या, सूज धरून एक नंबर मोठी. गाऊन किंवा लुंगी पायात येणार नाही इतकी आखूड असू द्या. देवघर जमिनीलगत असेल तर ते आत्ताच टेबलावर घ्या. नाही तर तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी निरांजन लावायला खाली वाकणार आणि तिथेच अडकणार.

लिफ्ट नसलेला तिसरा मजला

नवी मुंबईत हा प्रश्न खास महत्त्वाचा. वाशी, नेरुळ, कोपरखैरणे इथल्या सिडकोच्या पुष्कळ जुन्या इमारती तीन-चार मजल्यांच्या आणि बिनलिफ्टच्या आहेत. त्या घरांत पस्तिशीत राहायला आलेली माणसे आता सत्तरीत आहेत. शक्य असेल तर पहिला महिना तळमजल्यावरच्या किंवा लिफ्ट असलेल्या नातेवाइकाकडे काढा. मुलीच्या घरी राहायला मन तयार होत नाही, अशी आपल्याकडची काही माणसे अजून आहेत. त्यांनी हा बाणा महिनाभर बाजूला ठेवावा.

ते जमत नसेल तर रुग्णालयातून निघण्याआधी फिजिओकडून जिना शिकूनच निघा. चार जणांनी खुर्चीत बसवून वर न्यायचे हा सोसायटीतला लोकप्रिय उपाय धोक्याचा आहे. वळणावर एकाचा हात सुटला की सगळेच कोसळतात. स्वतः चढणे जास्त सुरक्षित असते, मात्र घाई नको. चढताना त्यातल्या त्यात जोर असलेला पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी, आणि दोन्ही पाय एका पायरीवर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात काठी किंवा माणसाचा हात. मदतनीस नेहमी खालच्या पायरीवर हवा: चढताना मागे, उतरताना पुढे. प्रत्येक लँडिंगवर आधीच एक उंच खुर्ची ठेवून घ्या. एकदा वर पोचलात की टाके काढायला जाण्याचा दिवस येईपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, पुन्हा खाली उतरायचे कारण नाही.

शस्त्रक्रियेची तारीख तुमच्या हातात असेल तर जून ते सप्टेंबर टाळा. आपल्या पावसात जिने दिवसभर ओले असतात, लॉबीतल्या लादीवर पाण्याचे ओघळ आणि वीज गेली की लिफ्टही बंद.

घरी येताना रिक्षा नको. बैठक आखूड आणि पाय पसरायला जागा नाही. मोटारीत पुढची सीट पूर्ण मागे घ्या, सीटवर एक प्लास्टिकची पिशवी पसरा, आधी पाठमोरे बसा आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवा. पिशवीमुळे अंग सहज फिरते. गाडी सुरू होण्याआधी पिशवी काढून घ्या, नाही तर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो. शस्त्रक्रिया मुंबईत झाली असेल आणि शीव-पनवेल महामार्गावर गाडी अडकली तर बसल्या बसल्या पावले वर-खाली हलवत राहा.

गुडघ्याखालची उशी

ज्या एका गोष्टीने सर्वात जास्त नुकसान होते ती दिसायला अगदी प्रेमळ आहे. पाय दुखतो, म्हणून सून किंवा मावशी गुडघ्याखाली उशी सारते. लगेच बरे वाटते, कारण सुजलेल्या सांध्याला किंचित वाकलेल्या अवस्थेत सर्वात कमी ताण असतो. पण तासन् तास गुडघा तसाच राहिला तर आतली नवी ऊती त्याच आकारात घट्ट होते आणि पाय पुन्हा सरळ होत नाही. सरळ न होणारा गुडघा घेऊन चालणारा माणूस कायम लंगडतो आणि लवकर दमतो. दोन्ही गुडघे असे राहिले तर माणूस पुढे वाकून चालतो आणि कंबर धरते. उशी हवीच असेल तर घोट्याखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. दिवसातून तीन-चार वेळा टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दहा मिनिटे पाय तसाच पडू द्या आणि मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीकडे दाबा. हा व्यायाम कंटाळवाणा आहे, पाहुण्यांना दाखवण्यासारखा तर मुळीच नाही. तरी माझ्या मते पहिल्या महिन्यात त्याच्याइतका मोलाचा दुसरा नाही.

घरच्यांचे लक्ष मात्र वाकण्याकडे असते. 'किती अंश झाले?' हा प्रश्न फोनवर प्रत्येक जण विचारतो. दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास आणि सहा आठवड्यांत ११० च्या पुढे, अशी वाटचाल असेल तर ठीक चालले आहे. जिना आणि खुर्ची यांना साधारण एवढेच वाकणे लागते. सहा-आठ आठवड्यांनंतरही ९० होत नसेल तर सर्जनला लवकर दाखवा. भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा उपाय आहे, पण तो पहिल्या तीन महिन्यांत जास्त चांगला लागू पडतो.

पाय जोरात दाबून वाकवणारा फिजिओ म्हणजे चांगला फिजिओ, हा समज सोडा. कष्ट तुमच्या स्नायूंचे हवेत, त्याच्या दंडाचे नाहीत. व्यायामानंतर तासाभरात दुखणे ओसरले तर प्रमाण बरोबर. दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी अति झाले. आणि गुडघा आपोआप हलवणारे यंत्र भाड्याने आणावे का, तर बहुतेकांना त्याची गरज नसते. तेच पैसे फिजिओच्या आणखी काही भेटींवर खर्च करा.

वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी पडेल अशा वेळा लावून घ्या. दुखणे शिगेला पोचल्यावर गोळी घेण्यात शहाणपण नाही. मात्र घरातल्या डब्यातली जुनी पेनकिलर मनाने घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ती पोटात रक्तस्राव घडवू शकते आणि मूत्रपिंडावरही ताण आणते. पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळ्यांतही असते, तेही मोजा.

बर्फ, तेल आणि डिंकाचे लाडू

दुखले की शेक, ही आपल्या घरांतली सवय. इथे पहिले काही आठवडे उलटे करायचे. पातळ पंचात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः व्यायामानंतर. गुडघे कित्येक महिने कोमट लागतात, सूज संध्याकाळी वाढते आणि सकाळी उतरते, निळे-जांभळे डाग घोट्यापर्यंत उतरतात. हे सगळे अपेक्षित आहे. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो, चालताना कट्कट् आवाज येतो, त्यानेही घाबरू नका. तेल लावून पोटऱ्या रगडून देण्याचा आग्रह मात्र ठामपणे मोडा. पायाच्या शिरेत गुठळी झालेली असेल तर रगडणे जिवावर बेतू शकते. व्रणावर तेल, हळद, लेप यांपैकी काहीही नको.

डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांना माझा विरोध नाही, पण मधुमेह असेल तर ते मोजून. जखम भरायला प्रथिने लागतात: मोड आलेली मटकी, मूग, पनीर, दही, अंडी, चालत असेल तर बांगडा-सुरमई. दोन्ही गुडघ्यांत मिळून रक्त जास्त जाते, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरते आणि उठताना चक्कर येते. पलंगाच्या कडेला एक मिनिट बसूनच उभे राहा. लोहाच्या गोळीने शौच काळपट होते. ते मात्र डांबरासारखे चिकट आणि दुर्गंधीचे झाले तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. वेदनेच्या औषधांनी बद्धकोष्ठ होतो आणि उंच कमोडवर कुंथणे फारच वाईट. पाणी, पपई, भिजवलेल्या मनुका आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले औषध पहिल्या दिवसापासून सुरू ठेवा. कोणताही काढा किंवा चूर्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

घरच्यांसाठी

मुलगा-सून सकाळी साडेसातची लोकल पकडून जात असतील तर पहिले तीन आठवडे दिवसा कोणीतरी हवेच. ब्युरोमार्फत मदतनीस आणली तर पहिल्याच दिवशी तिला फिजिओच्या समोर उभी करा. काखेत हात घालून ओढून उठवू नये, गुडघ्याखाली उशी देऊ नये, बाथरूमचे दार आतून लावू देऊ नये, या गोष्टी तिला कळायला हव्यात. आणि दुसऱ्या टोकाला जाऊ नका. पाण्याचा पेला, चष्मा, रिमोट, सगळे हातात आणून दिले तर पेशंट खुर्चीतच रुजतो. जाग असेल तेव्हा तासातून एकदा उठून घरात चालणे हे त्याचे काम आहे, ते त्याच्याकडून हिरावून घेऊ नका. वॉकरला पुढे छोटी पिशवी अडकवा, म्हणजे मोबाइल आणि पाण्याची बाटली तो स्वतः नेईल.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मन बसते, हे कोणी सांगत नाही. भेटायला येणारे कमी झालेले असतात, झोप तुटक असते, शेजारच्या सोसायटीतल्या कुणाच्या तरी मावशी 'पंधराव्या दिवशी भाजी आणायला गेल्या' ही बातमी पोचलेली असते. त्यांचा एकच गुडघा बदलला होता का, हे कोणी विचारत नाही. 'उगीच केले' असे म्हणत रडू येणे या काळात नेहमीचे आहे. सहाव्या आठवड्यानंतरही तसेच वाटत राहिले, भूक-झोप उडाली, तर ते डॉक्टरांना सांगण्याचे लक्षण समजा.

थांबायचे नाही अशी लक्षणे

एक पाय बदललेला असेल तर दुसऱ्याशी ताडून पाहता येते. दोन्ही सुजलेले असताना गुठळी ओळखणे अवघड होते. म्हणून रोज सकाळी शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्यांचा घेर ठरलेल्या जागी मोजून भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा. एक पोटरी अचानक जास्त फुगली, कडक झाली, दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले तर सर्जनच्या फोनची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. रक्त पातळ ठेवणारे औषध सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्या, 'आता चालतोय की' म्हणून मध्येच सोडू नका.

जंतुसंसर्गाची खूण म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर टिकणारा ताप, व्रणातून पाणी किंवा पू, पसरणारी लाली, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे. अशा वेळी जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक घेऊन दोन दिवस काढण्याची चूक महागात पडते. ज्याने शस्त्रक्रिया केली त्यालाच दाखवा. पुढेही, वर्षांनंतरही, शरीरात कुठे जंतू शिरले तर ते रक्तातून कृत्रिम सांध्यावर बसू शकतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, टाचांच्या भेगा, लघवीची जळजळ, किडलेली दाढ, हे सारे वेळेवर दाखवा. दाताचे टाळता येण्यासारखे काम पहिले तीन महिने नको आणि नंतरही दंतवैद्याला सांध्याची कल्पना द्या.

बाहेर पडताना

वॉकरवरून काठीवर कधी यायचे ते फिजिओ ठरवील. बहुतेकांना तीन ते सहा आठवडे लागतात. मोटार चालवणे सहा-आठ आठवड्यांनी, तेही सर्जनने हो म्हटल्यावर. लोकलची गर्दी आणि स्टेशनांचे लांबलचक जिने तीन महिने तरी नकोत. त्याऐवजी सपाट जागा निवडा. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईची पायवाट, वाशीचा मिनी सी-शोर, खारघरचे सेंट्रल पार्क सकाळी लवकर चांगले. शंभर पावलांवर बाक असेल असाच रस्ता धरा. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात जाऊन खुर्चीवर बसून कॅरम खेळणे हाही व्यायामच, घरातून बाहेर पडलात हे महत्त्वाचे. मेट्रोत किंवा विमानतळावर धातुशोधक वाजेल. शांतपणे सांगा, ते लोक याला सरावलेले असतात.

मांडी घालून बसता येईल का, हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो. काहींना येते. पण रोज जमिनीवर बसण्याउठण्यासाठी हा सांधा नाही. पंगत, हळदीकुंकू, सत्यनारायण सगळे खुर्चीवरून होते. उकिडवे बसणे, उड्या मारणे, धावणे सोडा. चालणे, पोहणे, सायकल, हलके बागकाम बिनधास्त करा. नीट वापरला तर सांधा बराच टिकतो. राष्ट्रीय नोंदींवरून २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात.

कागदपत्रांचे शेवटचे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून बिलात सांध्याची किंमत आणि कंपनी वेगळी दिसायला हवी. सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये लावलेले असतात, दोन्ही गुडघ्यांचे वेगवेगळे. त्यांचे फोटो काढून मुलांकडेही ठेवा, पुढे कधी दुरुस्ती लागली तर सर्जन पहिल्यांदा तेच मागेल. फिजिओची बिले आणि औषधांच्या पावत्या जपा, बऱ्याच विमा पॉलिसींत घरी आल्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च मिळतो. आणि वर्ष पूर्ण झाले की काहीही तक्रार नसली तरी सर्जनकडे जाऊन दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे काढून घ्या.